नकार मिळतो का, ते तपासा: ऑफिसच्या सांबा सर्व्हरवर कोण कुठं शिरू शकतो हे शोधायची पद्धत

शनिवारी दुपारी लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका क्लासमधून फोन आला. रिसेप्शनवरची मुलगी होती, अगदी हळू आवाजात बोलत होती. "सर, उद्याच्या पेपरचं फोल्डर माझ्या कॉम्प्युटरवर बी दिसायलंय. मी वाचलं नाही काही. पण उघडायलंय ते."

रविवारच्या टेस्टसाठी नांदेड, बीड, हिंगोलीहून येऊन खोल्या करून राहिलेली पोरं आठवडाभर जागलेली असतात. त्या रात्री दोन सरांनी बसून भौतिकशास्त्राचा आख्खा पेपर नव्यानं काढला, डीटीपीच्या मॅडम घरी जेवायला जाऊन परत आल्या, आणि झेरॉक्स खोलीतलं डुप्लिकेटर पहाटेपर्यंत चालू होतं. हे सगळं मी सर्व्हरवर घातलेल्या तीन ओळींमुळं झालं. त्या पोरीनं फोन केला नसता, तर ते फोल्डर किती दिवस तसंच उघडं राहिलं असतं कोण जाणे.

क्लास असो, सीएचं ऑफिस असो, पतसंस्था असो की मोंढ्यातली आडत, एक लिनक्सचा डबा कोपऱ्यात ठेवून त्यावर सांबा, म्हणजे फोल्डर नेटवर्कवर वाटून देणारं सॉफ्टवेअर, चालवणारी ऑफिसं आपल्याकडं पुष्कळ आहेत. लायसन्सचा खर्च नाही आणि विंडोजच्या मशिनींना ते साधं नेटवर्क फोल्डरच वाटतं. असा सर्व्हर नुकताच तुमच्या गळ्यात पडला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. (सांबा नावाचा नाचाशी संबंध नाही. अँड्र्यू ट्रिजेलनं शब्दांच्या यादीत 'एस', 'एम', 'बी' ही अक्षरं त्याच क्रमानं येणारे शब्द शोधले, त्यांतून हे नाव निघालं. एसएमबी हे विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या भाषेचं नाव.)

एक सूचना: कमांड आणि सेटिंगची नावं मी उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा, 'मोठं' म्हटलेली अक्षरं तेवढी सोडून.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- मालकाची किंवा संचालकांची लेखी परवानगी. एक ओळीचा ईमेलही चालेल. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ विनापरवानगी शिरकावाबद्दल आहे. तुम्ही तिथले तंत्रज्ञ आहात म्हणून ते तुम्हाला लागू होत नाही असं समजू नका. दुसऱ्याच्या सर्व्हरवर यातलं काहीही करून पाहू नका.
- आज कामावर असलेल्या लोकांची यादी, आणि गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्यांचीही.
- सर्व्हरचा अ‍ॅडमिन पासवर्ड.
- सेटिंगच्या फाइलची प्रत आणि डेटाचा ताजा बॅकअप, तोही त्या सर्व्हरवर नाही, वेगळ्या डिस्कवर.
- एक विंडोज मशिन, आणि शक्य असेल तर लिनक्सचा एक लॅपटॉप.
- दोन तास निवांत वेळ. टेस्टच्या आदल्या दिवशी किंवा रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात हे काम काढू नका.

१. आधी कागदावर लिहा

कीबोर्डला हात लावण्याआधी एका कागदावर उभ्या रकान्यात माणसं आणि आडव्या ओळीत फोल्डर लिहा. प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक शब्द लिहा: 'नाही', 'वाचू शकतो', 'लिहू शकतो'. हा कागद मालकासमोर बसून भरा. पगाराचं फोल्डर अकाउंटंटनं फक्त पाहायचं की बदलायचंही, हे ठरवणं तुमचं काम नाही.

यात 'नाही' लिहिलेल्या चौकटींवर लाल पेनानं गोल करा. पुढचं बरंचसं काम त्या लाल गोलांचंच आहे.

२. व्हर्जन पाहा, पण आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका

'एसएमबीडी' कमांडला डॅश देऊन मोठं व्ही अक्षर टाइप केलं की व्हर्जन दिसतं. इथं नवखा माणूस दोन्ही बाजूंनी फसतो.

डेबियन, उबंटूसारखी वितरणं (लिनक्सचे तयार संच) सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच व्हर्जनमध्ये मागून बसवतात. मूळ आकडा तसाच राहतो, फक्त पॅकेजच्या आकड्याची शेपटी बदलते. त्यामुळं जुना आकडा दिसला म्हणजे फट उघडीच आहे असं नाही. 'एपीटी चेंजलॉग सांबा' दिलं की कुठल्या सीव्हीई क्रमांकाची (जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटीला दिलेला क्रमांक) दुरुस्ती झाली आहे ते यादीत दिसतं.

उलट, त्या वितरणाचाच आधार संपला असेल तर अपडेटची कमांड काहीही तक्रार न करता 'सगळं ताजं आहे' सांगते. नवीन काही येतच नाही, म्हणून ती तसं म्हणते. अशा सर्व्हरवर आधी नवी आवृत्ती चढवायची तारीख ठरवा.

३. सेटिंगची फाइल वाचा

'ईटीसी'मधल्या 'सांबा' डिरेक्टरीत 'एसएमबी डॉट कॉन्फ' ही फाइल असते. ती थेट वाचण्यापेक्षा 'टेस्टपार्म' चालवा. स्पेलिंगच्या चुका ती दाखवते आणि टिप्पण्या गाळून प्रत्यक्ष लागू असलेल्या ओळी समोर ठेवते. त्यात खालच्या गोष्टी शोधा.

वाइड लिंक्स = येस. शेअर केलेल्या फोल्डरच्या बाहेर नेणारी सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडं बोट दाखवणारी फाइल, चालू द्यायची की नाही हे ही ओळ ठरवते. मुळात ती बंद असते. आमच्या क्लासमध्ये झेरॉक्स खोलीतला माणूस पेनड्राइव्ह घेऊन सारखा डीटीपीकडं जायचा. त्याचे हेलपाटे वाचावेत म्हणून मी 'प्रिंट' शेअरमध्ये 'पेपर' फोल्डरकडं जाणारी लिंक टाकली. लिंक चालेना, म्हणून 'वाइड लिंक्स' चालू केलं आणि 'युनिक्स एक्स्टेन्शन्स = नो' लिहिलं. ती दुसरी ओळ नसेल तर सांबा पहिलीला जुमानत नाही. पण 'प्रिंट' शेअर रिसेप्शनलाही दिलेला होता, फीच्या पावत्यांसाठी. ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

फोर्स यूजर. ही माझी तिसरी ओळ. हिच्यामुळं त्या शेअरमध्ये येणारा प्रत्येक जण सर्व्हरच्या नजरेत एकच माणूस होतो. मी तिथं डीटीपीचं खातं लिहिलं होतं. 'परवानगीची कटकट' मिटावी म्हणून लोक ही ओळ घालतात, आणि मग फोल्डरवर कितीही काटेकोर परवानग्या लावल्या तरी त्या पाहिल्या जातात त्या एका खात्यापुरत्याच. रिसेप्शनची मुलगी लिंकवर गेली, तेव्हा सर्व्हरला वाटलं डीटीपीच्या मॅडमच आल्या.

मॅप टू गेस्ट = बॅड यूजर. डेबियन आणि उबंटूच्या तयार फाइलमध्ये ही ओळ असतेच. सर्व्हरला माहीत नसलेलं नाव टाकलं तर तो माणूस पाहुणा म्हणून आत येतो. एकाही शेअरला 'गेस्ट ओके = येस' नसेल तर त्यानं बिघडत नाही. असेल, तर त्या शेअरला पासवर्डच नाही असं समजा.

ब्राउजेबल = नो. यानं शेअर फक्त यादीतून लपतो. नाव माहीत असलेला माणूस थेट पत्ता टाइप करून आत जातो. याला कुलूप समजणारे मला सगळ्यांत जास्त भेटतात.

अ‍ॅडमिन यूजर्स. इथं लिहिलेला माणूस त्या शेअरमध्ये थेट रूटच्या, म्हणजे लिनक्सच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकारानं वावरतो. ऑफिसात याची गरज मला आजवर पडलेली नाही. दिसली तर काढा.

आता 'वाइड लिंक्स'कडं परत येतो, कारण या दोन ओळींची गोष्ट माझ्यापुरती राहिली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सांबाच्या चमूनं सीव्हीई-२०१९-१०१९७ ही त्रुटी जाहीर केली. ४.९.० पासूनच्या आवृत्त्यांत ती होती. 'वाइड लिंक्स' चालू आणि सोबत 'युनिक्स एक्स्टेन्शन्स' बंद किंवा 'अलाउ इनसिक्युअर वाइड लिंक्स' चालू, असं असेल तरच ती उघडायची.

आत काय व्हायचं ते समजून घ्या. ज्याला एखाद्या शेअरच्या मूळ फोल्डरमध्ये जायची परवानगी नाही, तो आत जायला बघतो. पहिल्या विनंतीला बरोबर नकार मिळतो. पण आपण शेवटी कुठल्या डिरेक्टरीत होतो, ते सर्व्हर एका ठिकाणी लक्षात ठेवतो, आणि प्रवेश फसल्यावर ती आठवण पुसली जात नव्हती. मग त्याच माणसाची दुसरी विनंती नकार न देता भलत्याच डिरेक्टरीत चालवली जायची: तो आधी ज्या शेअरमध्ये होता तिथं, नाही तर थेट सर्व्हरच्या मुळात, जिथं सगळी डिस्क उघडी असते.

अशा वेळी मुख्यतः दोन गोष्टी आड येत होत्या. एक, लिनक्सच्या कर्नलनं (गाभ्यानं) सांभाळलेल्या फाइलींवरच्या परवानग्या, कारण माणूस भलत्या जागी पोचला तरी त्याची ओळख बदलत नव्हती. दुसरी, शेअरवरची 'व्हॅलिड यूजर्स' ही ओळ, जी परक्याला जोडणीच करू देत नाही. ४.९.१३ आणि ४.१०.८ मध्ये दुरुस्ती आली, पण मी तेव्हापासून दोन्ही कुलपं लावतो. एकावर भिस्त ठेवत नाही.

४. दोन्ही कुलपं लावा

प्रत्येक विभागासाठी लिनक्सवर एक गट करा: 'पेपर', 'फी', 'ऑफिस'. फोल्डरची मालकी त्या गटाला द्या आणि 'सीएचमॉड २७७०' लावा. यातला शेवटचा शून्य बाहेरच्यांना पूर्ण बंद करतो. सुरुवातीचा दोन असा की आत तयार होणारी नवी फाइल आपोआप त्याच गटाची होते. नवखे लोक तो दोन विसरतात आणि आठवड्यानं तक्रार येते की सरांनी टाकलेली फाइल मॅडमना उघडत नाही. मग घाईत कुणीतरी '७७७' मारतं आणि सगळंच उघडं पडतं. '७७७' कुठंही दिसलं की थांबा आणि ते का दिलं गेलं ते शोधा.

मग 'एसएमबी डॉट कॉन्फ'मध्ये त्या शेअरखाली 'व्हॅलिड यूजर्स' लिहून पुढं @ चिन्ह आणि गटाचं नाव द्या. परवानगी शेअरनं दिली आणि फाइलनं नाकारली तर नकार. फाइलनं दिली आणि शेअरनं नाकारलं तरी नकार. दोघं 'हो' म्हणाले तरच प्रवेश.

सिमलिंकही मोजून घ्या. डेटाच्या डिरेक्टरीवर 'फाइंड' चालवून 'टाइप एल' हा पर्याय दिला की सगळ्या लिंक दिसतात. ज्या लिंकचं कारण कुणालाच सांगता येत नाही, ती काढा. झेरॉक्स खोलीसाठी मी नंतर 'छपाई' नावाचा वेगळा शेअर केला. मॅडम तयार पेपरची प्रत त्यात टाकतात, छापून झाली की काढतात. एक हेलपाटा वाढला, पण तो मॅडमच्या खुर्चीतूनच होतो.

५. गेलेल्या माणसांची खाती

'पीडीबीएडिट'ला डॅश आणि मोठं एल दिलं की सांबाच्या खात्यांची यादी येते. ती तुमच्या कागदाशी ताडून पाहा. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळं लिनक्सचा पासवर्ड बंद केला म्हणजे शेअरचा रस्ता बंद झाला असं होत नाही. 'एसएमबीपासडब्ल्यूडी'ला 'डॅश डी' आणि नाव देऊन खातं बंद करा. सगळ्यांचं मिळून एकच 'ऑफिस' नावाचं लॉगिन असेल, तर प्रत्येकाला वेगळं करून द्या. लोक कुरकुरतील. तरीही करा, नाही तर पुढच्या पायरीला अर्थ राहत नाही.

६. नकार तपासा

आपण सगळे तपासतो ते असं: अ‍ॅडमिनच्या लॉगिननं फोल्डर उघडतो, उघडलं की 'चालतंय' म्हणतो आणि निघतो. त्या शनिवारपर्यंत मीही तसंच करत होतो. त्यानं फक्त एवढंच कळतं, की ज्याला आत जायचंय तो जाऊ शकतो. ज्याला जाता येऊ नये त्याचं काय, ते त्याच्याच लॉगिननं बसल्याशिवाय कळत नाही.

म्हणून कागदावरचा एकेक लाल गोल घ्या. रिसेप्शनचं लॉगिन, 'पेपर' शेअर. लिनक्सच्या लॅपटॉपवरून 'एसएमबीक्लायंट'नं जोडून पाहा. 'व्हॅलिड यूजर्स' बरोबर असेल तर जोडणीच होणार नाही, 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येईल. जोडणी झाली पण आतली यादी मागितल्यावर नकार आला, तर तिथं एकच कुलूप लागलेलं आहे. चौथ्या पायरीवर परत जा.

मग हेच विंडोजवरून करा. इथले सापळे नीट लक्षात ठेवा:

- विंडोज जुना पासवर्ड लक्षात ठेवतं. तुम्हाला वाटतं आपण रिसेप्शन म्हणून गेलो, प्रत्यक्षात मशिन अ‍ॅडमिनच्याच जोडणीवर चाललेलं असतं. आधी 'नेट यूज' कमांडनं चालू जोडण्या पाहा, तारा आणि 'डिलीट' पर्याय देऊन सगळ्या तोडा, आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जपलेली नोंद पुसा.
- एकाच सर्व्हरला एका वेळी दोन नावांनी जोडायला गेलात तर १२१९ क्रमांकाची चूक येते. तो सर्व्हरनं दिलेला नकार नव्हे. तुमच्याच मशिननं अडवलंय. ही गफलत करून लोक 'तपासलं, बंद आहे' असं लिहून मोकळे होतात.
- एकदा नकार आला म्हणून उठू नका. आधी परवानगी असलेला शेअर उघडा, मग नसलेला, मग पुन्हा तोच, मग एफ-५ दाबा. २०१९ ची त्रुटी पहिल्या नकारानंतरच उघडी पडत होती, हे आठवा.
- अस्तित्वात नसलेलं एखादं नाव टाकूनही पाहा. आत गेलात, तर पाहुण्यांचा दरवाजा उघडा आहे.

'वाचू शकतो' लिहिलेल्या चौकटींतही नकार तपासायचा असतो, लिहिण्याचा. एक चाचणीची फाइल ठेवा, वाचकाच्या लॉगिननं ती बदलायचा, तिच्यावर दुसरी फाइल चढवायचा आणि ती पुसायचा प्रयत्न करा. ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सीव्हीई-२०२३-४०९१ मध्ये हेच घडत होतं. 'एसीएल एक्सअ‍ॅट्र' हे मॉड्यूल लावून त्याला सिस्टिमच्या परवानग्यांकडं दुर्लक्ष करायला सांगितलेलं असेल, तर फक्त वाचायचा हक्क असलेला माणूसही फाइल शून्य बाइटची करू शकत होता. फाइल जागेवर, नाव तेच, आत काहीच नाही. ४.१९.१, ४.१८.८ आणि ४.१७.१२ मध्ये ती दुरुस्त झाली. खऱ्या फाइलींवर हा प्रयोग कधीच करू नका.

आणखी एक गोष्ट, जिनं माझा एक आख्खा दिवस खाल्ला होता. सेटिंग बदलली तरी आधीच जोडलेल्या मशिनींना ती लागू होत नाही. सकाळी नऊला जोडलेलं मशिन जुन्या परवानगीवरच चालत राहतं. 'एसएमबीस्टेटस'नं कोण जोडलेलं आहे ते पाहा, सगळ्यांना फाइल सेव्ह करायला सांगा आणि सेवा पुन्हा सुरू करा. मगच तपासा.

७. बाहेरचा दरवाजा

राउटरवर सांबा वापरतो तो ४४५ क्रमांकाचा पोर्ट बाहेरच्या इंटरनेटसाठी उघडला असेल तर आजच बंद करा. मालकांना घरून फाइल पाहायची असते म्हणून कुणीतरी तो उघडून ठेवलेला असतो. त्यासाठी व्हीपीएन लावा. एसएमबीची पहिली आवृत्ती सांबा ४.११ पासून मुळातच बंद असते. जुन्या स्कॅनरसाठी ती कुणी पुन्हा चालू केली असेल, तर स्कॅनरला दुसरा रस्ता शोधून द्या. क्लासमध्ये पोरांना दिलेलं वायफाय आणि सर्व्हर एकाच नेटवर्कवर नकोत. 'होस्ट्स अलाउ'मध्ये ऑफिसच्या मशिनींचेच पत्ते लिहा.

८. फट सापडलीच तर

आधी बंद करा, मग शोधा. 'एसएमबीकंट्रोल'ला 'एसएमबीडी', मग 'क्लोज-शेअर' आणि शेअरचं नाव दिलं की त्या शेअरवरची चालू जोडणी तुटते, पण तेवढ्यानं परत जोडणं थांबत नाही. म्हणून त्याआधी फाइलमध्ये त्या शेअरला 'अव्हेलेबल = नो' लिहून ठेवा. नंतर लगेच 'व्हार-लॉग-सांबा'मधल्या सगळ्या नोंदी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. डेबियनच्या तयार सेटिंगमध्ये प्रत्येक मशिनची नोंद १००० केबीला पोचली की जुनी फाइल सरकवून नवी सुरू होते, आणि तुम्ही शोधत बसलात तर हवी ती नोंद हरवते. 'नीट करू' म्हणून त्या जागेवरच्या फाइली उघडून पाहत बसू नका.

मालकांना तेव्हाच सांगा, सकाळची वाट पाहू नका. आम्हाला शनिवारी दुपारी कळलं म्हणून रात्रीतून नवा पेपर निघाला. लोकांची माहिती बाहेर गेल्याची शंका असेल, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि संस्थांनी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवायचं असतं. त्यासाठी लागतात घटना लक्षात आल्याची वेळ, सर्व्हरचा पत्ता, काय दिसलं आणि तुम्ही काय बंद केलं, म्हणून हे चारही मुद्दे घड्याळ पाहून त्याच क्षणी वहीत लिहून ठेवा.

आणि ज्यानं किंवा जिनं सांगितलं, तिच्यावर संशय घेऊन चौकशी लावू नका. आमच्याकडं पहिला प्रश्न हाच निघाला होता, "तू त्या फोल्डरवर गेलीसच कशाला?" ती गप्प झाली. मी मध्ये पडून सांगितलं की लिंक मी टाकली होती, तिच्यासमोर ती आपोआप आली. सोमवारी दोन्ही कुलपं लावली, आणि मग तिलाच खुर्चीत बसवून तिच्या लॉगिननं 'पेपर' शेअर चार वेळा उघडायला लावला. चारही वेळा नकार आला. कागदावर त्या चौकटीसमोर तिनंच सही केली आणि तारीख टाकली.